आवड लागते, वसा घेतात: आयुष्यात काय करायचं याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात संध्याकाळी सात ते नऊ मी दहावीचं गणित शिकवतो. येणारी बहुतेक पोरं नापास झालेली, किंवा शाळा सुटल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणारी. दिवसा एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. गेल्या अकरा वर्षांत गणितापेक्षाही जास्त वेळा मला एकच गोष्ट विचारली गेली आहे: आयुष्यात नक्की काय करायचं हे कसं कळतं? पोरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, पुण्यात अजून अभ्यास करत असलेले जुने मित्र रात्री अकराला फोन करून विचारतात. त्यांना जी उत्तरं देतो, तीच इथे लिहून काढली आहेत.

मला नक्की काय आवडतं हेच कळत नाही. बाकी सगळ्यांना कळलेलं दिसतं. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. आपण रोज कसं बोलतो तिकडे जरा कान द्या. वाचनाची गोडी लागते. भजनाचा नाद लागतो. छंद जडतो. कुणाला शेतीचं वेड लागतं. ‘मला माझी आवड सापडली’ असं आमच्या आजीच्या पिढीत कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. आपली सगळी क्रियापदं लागण्याची आणि जडण्याची आहेत, हुडकण्याची नाहीत. आणि गोडी लागायची तर आधी जिभेला चव कळावी लागते. ज्यानं पखवाजावर कधी थाप मारली नाही, त्याला खोलीत बसून विचार करकरून पखवाज आवडतो की नाही हे कळणार कसं?

म्हणून ‘मला काय आवडतं’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि एका कागदावर लिहा: आजपर्यंत मी कशाकशाला स्वतः हात लावून पाहिला? आमच्याकडच्या वीस वर्षांच्या पोराची यादी शाळा, क्रिकेट, मोबाइल, थोडी शेती आणि लग्नातली वाढपाची कामं एवढ्यावर संपते. पाचच पदार्थ चाखलेल्या माणसाला आवडता पदार्थ सांगता आला नाही, तर दोष त्याच्या जिभेचा नाही. अनुभव थोडे आले आहेत, एवढंच. ते वाढवता येतात.

पॅशन आणि पर्पज, दोन्ही शब्द सारखे कानावर पडतात. एकच आहेत का?

मला ते वेगळे वाटतात, आणि आपल्या भाषेत त्यांना जुने, चांगले शब्द आहेत. पहिल्याला आवड, गोडी, नाद म्हणा. दुसऱ्याला मी वसा म्हणतो. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना आठवेल: कुणीतरी रानात, नदीकाठी व्रत करणाऱ्या बायकांना विचारते, बायांनो, हा कशाचा वसा? त्या सांगतात, उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. ही म्हणते, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. तिला वसा आभाळातून मिळत नाही. ती दुसऱ्यांना करताना पाहते, चौकशी करते आणि घेते. घेताना नियम ठरतात: किती दिवस, काय करायचं, कुणाला काय द्यायचं.

आवड आपल्याला सुख देते. वशात दुसरा कुणीतरी असतो, ज्याला आपण काही देणं लागतो. रोज रात्री कॅरम खेळणाऱ्या माणसाला आवड आहे, वसा नाही, आणि त्यात काही वाईटही नाही. उलटही होतं. वसा आधी घेतला जातो आणि गोडी मागून लागते. माझ्या बाबतीत तसंच झालं.

म्हणजे उद्देश आवडीतूनच निघतो असं नाही?

मुळीच नाही. बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करत होते. तुळशीराम नावाचा एक कुष्ठरोगी मरणाच्या दारात पडलेला त्यांना दिसला, आणि ते घाबरून तिथून पळाले. मग त्या भीतीनंच त्यांना बेचैन केलं. ते परत गेले, त्याची सेवा केली, पुढे कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभं राहिलं. यात ‘आवड’ कुठे आहे? एक टोचणी आहे, आणि त्या टोचणीकडे पाठ न फिरवणं आहे.

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातली नवजात बाळं का दगावतात, हा त्यांच्यासमोरचा एक प्रश्न होता. गावातल्याच बायकांना शिकवून बाळाची काळजी घरच्या घरी घेतली तर काय होतं, हे त्यांनी करून पाहिलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रश्न समोर होता, तो त्यांनी आपला मानला. याच संस्थेच्या पुढाकारातून २००६ पासून ‘निर्माण’ हा उपक्रम चालतो, खास तरुणांना आपल्या जगण्याचा हेतू काय हे तपासायला मदत करणारा. विशीतल्या मुलामुलींनी त्याची माहिती जरूर काढावी.

म्हणून मी पोरांना दोन प्रश्न देतो. कुठे वेळेचं भान राहत नाही? आणि आसपासचं काय बघवत नाही? दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांकडे लगेच तयार असतं. फक्त ते करिअरच्या प्रश्नाचंही उत्तर असू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

ठीक. सुरुवात नक्की कशी करायची?

एक काम निवडा. सायकलवर जाता येईल इतकं जवळचं. आठवड्यातले दोन दिवस, दर वेळी दीड-दोन तास, सहा आठवडे. वाचनालयात पुस्तकांवर नंबर टाकणं, सुतारमेटावर रंधा मारणं, नर्सरीत कलमं बांधणं, भजनी मंडळात टाळ धरणं, दूध संकलन केंद्रावर नोंदी करणं, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेणं, तळ्यावर पहाटे पक्षी बघणं. जे काम दुसरा कुणीतरी आधीपासून मनापासून करतोय आणि तुम्हाला शेजारी उभं राहू देईल, ते धरा. गोडी संसर्गानं लागते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. यूट्यूबवर पाहणं यात धरू नका. पाहणाऱ्याला सगळंच सोपं आणि सगळंच आवडतं.

एक शंभर पानी वही ठेवा. प्रत्येक वेळी घरी आल्यावर तीन ओळी: काय केलं, वेळ कसा गेला, परत जावंसं वाटतंय का. बरं वाटलं की वाईट, याचा निकाल रोज लावू नका. सहा आठवडे झाल्यावर वही पहिल्या पानापासून वाचा. आपलंच अक्षर आपल्याला बरंच काही सांगतं.

सहाच आठवडे का? पहिल्या दोनात हात चालत नाहीत, म्हणून सगळं नकोसं वाटतं. त्यावर निर्णय घेतला तर तो कामाबद्दलचा नसतो, स्वतःच्या अवघडलेपणाबद्दलचा असतो.

सुरुवातीला खूप आवडलं होतं, आता कंटाळा येतो. म्हणजे ती माझी खरी आवड नव्हतीच का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकून परत फिरतात.

पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरचा एक सोपा, देखणा व्हिडिओ दाखवला. सगळ्यांना तो आवडला. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. ज्यांचा समज ‘आवड तयारच असते, फक्त सापडायची असते’ असा होता, त्यांचा रस जास्त घसरला. आवड हळूहळू वाढवावी लागते असं मानणारे त्या मानाने टिकून राहिले. म्हणजे ‘खरी आवड असेल तर जड जाणार नाही’ हा विश्वासच माणसाला पहिल्या चढावर खाली बसवतो.

मी हे दरवर्षी पाहतो. वर्गसमीकरणांचे अवयव पाडायची वेळ आली की निम्मी पोरं म्हणतात, सर, गणित आपलं नाही. पंधरा दिवस रोज पाच गणितं केली की त्यातलीच दोघं-तिघं न सांगता सहावं सोडवायला घेतात. त्या सहाव्या गणितासाठी मी देवळात जातो.

कंटाळा दोन जातींचा असतो. एक न जमल्याचा, दुसरा जमूनही येणारा. जमत नाही म्हणून कंटाळा येत असेल तर थांबा, कुणाला तरी विचारा, काम लहान करून घ्या. चांगलं जमतंय, लोक वाहवा करतायत आणि तरी सकाळी जावंसं वाटत नाही, असं महिनोन्महिने होत असेल तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

मला उलट खूप गोष्टी आवडतात. एकावर ठरतच नाही.

दादासाहेब फाळके घ्या. जे.जे. कला विद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्र्यात फोटोग्राफी. पुरातत्त्व खात्यात आरेखनाची नोकरी. छपाईचा धंदा. जादूचे प्रयोगही. चाळिशीत या माणसाकडे पाहून नातेवाईक काय म्हणत असतील, याची कल्पना करायला अवघड नाही. १९११ साली मुंबईत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मधल्या काळात कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो हे रोज थोडं थोडं चित्रित करून त्यांनी एक छोटी फिल्म केली, पैसे देणाऱ्याला दाखवायला. त्या पहिल्या चित्रपटाला चित्रकला, कॅमेरा, रसायनं, छपाईची शिस्त आणि जादूगाराची नजर, सगळं लागलं. आणि सरस्वतीबाई लागल्या, ज्यांनी घर चालवलं, माणसांना जेवू घातलं आणि फिल्म धुण्यापर्यंतची कामं केली.

पण सोय म्हणून ही गोष्ट वापरू नका. फाळक्यांनी जे धरलं ते त्या-त्या वेळी पुरतं शिकून घेतलं. पाच विहिरी पाच-पाच हात खणून ठेवणाऱ्याला पाणी लागत नाही. एका वेळी एक, वर्षभर तरी. बाकीच्या आवडी कुठे पळून जात नाहीत.

नोकरी सोडून पूर्णवेळ आवडीचं करावं का?

घाई करू नका. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. त्याच साली त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, लोकांनी टाकलेला बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आणि या सगळ्या काळात, १९१४ पर्यंत, ते कॉलेजात गणित शिकवतच होते. दिवसा पुण्यात तास घ्यायचे, संध्याकाळी हिंगण्याला पायी जायचं. नोकरीनं घर चाललं, म्हणून आश्रमाला धीर धरता आला.

मी गणिताचा मास्तर, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे. पण मुद्दा खरा आहे. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल, कर्जाचा हप्ता नसेल आणि नवीन कामातून निदान काही पैसे यायला लागले असतील, तरच सोडायचा विचार करा. तोवर संध्याकाळ आपली असते.

आवडीतून पैसे मिळालेच पाहिजेत का?

मिळाले तर उत्तम, पण प्रत्येक आवडीला कमवायला लावू नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आवडायचं, त्यातल्या काहींना ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं पेनांकडे कमी वळली. बक्षीस न ठरवलेली मुलं पूर्वीसारखीच रमली. छान रांगोळी काढणाऱ्या ताईंनी ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आणि दोन दिवाळ्यांनी रांगोळीचं नावही नको झालं, असं आमच्या गल्लीतच घडलं आहे.

उलट बाजूही सांगतो. सलीम अलींनी लहानपणी एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली. ती कोणती हे कळेना, म्हणून ते पक्षी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी ओळख तर सांगितलीच, शिवाय कपाटं उघडून सोसायटीचा सगळा पक्षिसंग्रह दाखवला. मुलाला नाद लागला. पुढे कॉलेज अर्धवट, ब्रह्मदेशातला धंदा बुडालेला. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली, ते रजा घेऊन जर्मनीत शिकायला गेले आणि परत आल्यावर पाहतात तर पैशाअभावी जागाच रद्द झालेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची घरटी होती. बेकारीच्या त्या महिन्यांत त्यांनी सुगरणींची वीण बारकाईनं पाहिली, आणि १९३० नंतर त्याच अभ्यासानं त्यांचं नाव झालं. कुणी पगार देत नव्हतं तेव्हाही ते बघत राहिले.

या गोष्टीत मला मिलार्डही तितकेच महत्त्वाचे वाटतात. दारात आलेल्या पोराला ‘नंतर ये’ न म्हणता कपाट उघडून दाखवणारा माणूस. असं एखादं कपाट तुमच्याकडे असेल तर ते उघडं ठेवा.

स्पर्धा परीक्षेची चार वर्षं झाली. हेच माझं ध्येय आहे असं सगळ्यांना सांगितलंय. आता सोडताही येत नाही.

यावर मी थोडं जास्त बोलणार आहे. मी पाच वर्षं पुण्यात होतो. सदाशिव पेठेत सहा जणांत एक खोली, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्राची कात्रणं. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो. यादीत नाव आलं नाही.

त्या पाच वर्षांत मला कुणी एक प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं: तुला ते काम करायचंय की तो गुलाल हवाय? निकालाच्या दिवशी गावात मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतो, आई रडते, शाळेत सत्कार होतो. मी रोज रात्री तेवढंच डोळ्यांसमोर आणत असे. त्यानंतरचा मंगळवार, फेरफाराच्या तक्रारी, गारपिटीचे पंचनामे, रेशनचे अर्ज, निवडणुकीच्या याद्या, हे मी कधीच डोळ्यांसमोर आणलं नाही.

म्हणून आधी एक करा. ओळखीनं म्हणा, पाहुण्यांकडून म्हणा, तहसील कार्यालयात एखादा अख्खा दिवस बाकावर बसून काढा. कोण येतं, काय मागतं, साहेब दिवसभर नेमकं काय करतात ते बघा. घरी येताना ‘हे मला करायला मिळालं पाहिजे’ असं वाटलं, तर तुमचं ध्येय खरं आहे आणि परीक्षा हा त्याचा रस्ता आहे. तसं काही वाटलं नाही, तर तुमचं प्रेम यशावर आहे. त्यात लाज नाही, पण पाच वर्षं द्यायला ते पुरत नाही.

दुसरं, आणखी किती प्रयत्न हे आजच एका माणसाला सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी ठरवायला गेलात तर मन ‘आणखी एक’ म्हणणारच. तिसरं, अभ्यास चालू असतानाच आठवड्यातले दोन तास दुसऱ्या एखाद्या कामाला द्या, म्हणजे बाहेर पडायची वेळ आलीच तर पाय ठेवायला जमीन असेल.

आणि ती वर्षं फुकट गेली का? गेली, असं मला तीन वर्षं वाटत होतं. गावी परतल्यावर मी लोकांना टाळायचो, लग्नाला जायचो नाही. एका पावसाळ्यात शेजारच्या काकू आपल्या धाकट्याला घेऊन आल्या. बीजगणितात दोनदा नापास. त्या म्हणाल्या, तू एवढा शिकलायस, याला तेवढं सांग की. मला अजिबात सांगायचं नव्हतं. नाही म्हणायची भीड वाटली म्हणून बसलो. पोराला अपूर्णांकच येत नव्हते, पाचवीपासून. ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला संताप आला, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तो स्वतःवरचा संताप नव्हता. पुढच्या आठवड्यात तीन पोरं आली. मग जागा पुरेना म्हणून देऊळ. रोज दहा तास एका जागी बसायची सवय, एखादी गोष्ट फोडून सोपी करायची सवय, ही पुण्याच्या खोलीतूनच आली होती.

आईवडिलांना कसं पटवायचं?

वाद घालून नाही. त्यांना तुमच्या आवडीची भीती नसते, तुमच्या उपाशी राहण्याची असते. ती भीती त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिलेल्या दिवसांतून आलेली आहे, तिचा मान ठेवा. मग त्यांना काम दाखवा. सहा महिने न चुकता केलेलं काम, त्यातून आलेले पहिले पाचशे रुपये, ज्यांच्याकडे शिकताय त्या माणसाची घरी एक भेट. वडील ‘बघू’ म्हणाले तर ते होकाराच्या बरंच जवळ आहे, हे आपल्या घरांत वाढलेल्यांना सांगायला नको.

माझ्या मुलाला कशातच रस नाही. सारखा मोबाइल. आई म्हणून काय करू?

ताई, त्याला ‘तुला काय व्हायचंय’ हे विचारणं काही दिवस बंद करा. चौदाव्या वर्षी याचं उत्तर नसणं अगदी साहजिक आहे, आणि रोज विचारलं की ते उत्तर नसल्याची लाज तेवढी वाढते. त्याऐवजी त्याला तुमच्याबरोबर कामाला घ्या. बँकेत पाठवा, बाजाराचा हिशेब द्या, मामाच्या गॅरेजमध्ये सुट्टीत पंधरा दिवस ठेवा. आणि घरात कुणालातरी काहीतरी मन लावून करताना त्याला दिसू द्या. तुम्ही शेवटचं तसं काय केलं होतं? तिथून सुरू करा.

कल चाचणी करून घ्यावी का?

करायला हरकत नाही. ठाण्याची मानसिक आरोग्यावर काम करणारी आय.पी.एच. किंवा पुण्याची ज्ञान प्रबोधिनी यांसारख्या अनुभवी संस्थांकडे गेलात तर अहवालाबरोबर कुणीतरी बसून बोलतं, आणि त्या बोलण्याचा जास्त उपयोग होतो. चाचणी दिशा सुचवते. चाल तुम्हालाच करावी लागते.

माझं वय बावन्न. मुलं बाहेरगावी गेली, घर रिकामं झालं. आता कसला उद्देश?

कर्व्यांनी महिलांचं विद्यापीठ काढलं तेव्हा, १९१६ साली, ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. पण थोरांचं उदाहरण ऐकून कधी कधी आणखीच दडपण येतं, म्हणून जवळचं सांगतो. आमच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलीची आई आधी नुसती सोबत म्हणून यायची, मागे बसून वाती वळायची. एक दिवस तिनं विचारलं, मीही फॉर्म भरला तर चालेल का? तिची शाळा सातवीत सुटलेली. मार्च महिन्यात मायलेकी एकाच एसटीनं परीक्षेला गेल्या.

तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला माणसं, पैसे, आजारपणं आणि सणवार एकाच वेळी सांभाळता येतात. ते कौशल्य बचत गटाला, वाचनालयाला, अंगणवाडीला हवंच असतं. विचारायला कुणी येईल याची वाट बघू नका.

इकिगाईची (जपानीत ‘जगण्याचं कारण’) चार वर्तुळं भरून पाहिली, मधली जागा रिकामीच राहिली.

मला आवडतं, मला येतं, जगाला हवं, पैसे मिळतात: ही चार वर्तुळांची आकृती जपानी परंपरेतली नाहीच. उद्देशाची ही आकृती एका स्पॅनिश लेखकाची होती. २०१४ साली एका इंग्रज ब्लॉगलेखकानं तिच्या मधोमध ‘इकिगाई’ हा शब्द लिहिला आणि ती जगभर पसरली. जपानी माणूस इकिगाई म्हणतो तेव्हा त्यात नातवंडाला शाळेत सोडणं, बागेतली फुलं, सकाळचा चहा हेही येतं. पगाराचा त्याच्याशी संबंध असायलाच हवा असं नाही. चारही वर्तुळं एकाच कामात बसवायचा आग्रह सोडा. पोट दुकान भरतं, मन देऊळ भरतं, असं माझं आहे, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही.

माझं काम साधं आहे. मोठा उद्देश नसला तर आयुष्य कमी दर्जाचं का?

सावता माळी अरणला आपल्या मळ्यात राबत राहिले आणि त्या राबण्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. सातशे वर्षांनंतरही महाराष्ट्र त्यांना संत म्हणतो, आणि माळी म्हणूनच ओळखतो.

अमेरिकेत एमी झेस्नियेव्हस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांशी बोलून २००१ मध्ये एक निबंध लिहिला. काही जणांसाठी ते नुसतं झाडणं-पुसणं होतं. काही जण मात्र रुग्णांशी बोलत, कोण एकटा आहे यावर लक्ष ठेवत, रोगी बरा होण्यात आपलाही वाटा आहे असं मानत. हुद्दा तोच. एसटीचा एखादा वाहक म्हातारीला हात देऊन चढवतो, गावाचं नाव दोनदा पुकारतो. त्याला कुणी पर्पज विचारलेला नाही.

मला खरं तर काहीच करावंसं वाटत नाही. पूर्वी आवडायचं तेही नको वाटतं.

हा प्रश्न आवडीचा नसू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, पूर्वीच्या कशातच आनंद उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे नैराश्य असण्याची शक्यता आहे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. इथल्या वही-बिहीचे सल्ले आत्ता बाजूला ठेवा. घरातल्या एका माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पुण्याच्या त्या खोल्यांमधून मी काही मित्रांना गप्प होत जाताना पाहिलं आहे, म्हणून हे कळकळीनं सांगतो: आजच फोन करा.

ठरवलं होतं, तीन आठवडे केलं आणि मध्येच सुटलं. आता परत कोणत्या तोंडानं जाऊ?

गेलात तर बहुतेक ठिकाणी ‘बरे झालात का’ एवढंच विचारतात. आमच्याकडे एक पोरगा दिवाळीनंतर गायब झाला, ऊसतोडीला गेला होता. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा दारातच चप्पल हातात घेऊन उभा. मी म्हटलं, बस, वही काढ, आपण त्रिकोणमितीवर आलोय.